केनचं नरसाळं

इलेक्ट्रिक गाडी दुरुस्त करायला आलेली बाई आल्या आल्या काहीच करत नाही, हे गिऱ्हाइकांना फार खुपतं. मी व्हॅनमधून उतरते, जाड रबरी हातमोजे चढवते, गाडीच्या मोठ्या बॅटरीचा सेफ्टी प्लग ओढून स्वतःच्या खिशात टाकते आणि मग दहा मिनिटं नुसती उभी राहते. गाडीच्या पोटात उरलेला करंट उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. तो उतरला की नाही ते मीटरने तपासायचं आणि मगच हात लावायचा. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही प्रार्थना करताय का?" मी म्हटलं, "हो, स्वतःसाठीच."

मी शुभांगी. चिंचवडच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या सांभाळायचे. तिथून सिडनीला टेफमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी तंत्रशाळेत, ऑटो इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायला आले आणि ब्लॅकटाउनला राहिले ती राहिलेच. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून गाड्यांखाली शिरणं सोडलंय. आठवड्यातून दोन दिवस टेफमध्ये शिकवते. बाकी सगळं सांगत बसले तर माझ्या नवऱ्यासारखे तुम्हीही पान उलटाल. एक मात्र सांगितलंच पाहिजे. माझे हात ॲसिडवर वाढलेले आहेत. बॅटरीरूममध्ये ओढणीवर कधी थेंब उडाला ते कळायचंसुद्धा नाही, आणि दोन धुण्यांनंतर तिथे भोक पडायचं. आईने माझे सगळे ड्रेस बघून विचारलं होतं, "नोकरीला जातेस की उंदरांत राहतेस?" मला त्या भोकांचा अभिमान होता. बॅटरीतलं मला सगळं कळतं, असं मी चारचौघांत बिनदिक्कत सांगायचे. हे लक्षात ठेवा. पुढे याचा हिशेब होणार आहे.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी सिडनीला लांबलचक लॉकडाउन लागला आणि आमचा भाग सगळ्यात कडक नियमांत आला. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कामाशिवाय फिरायचं नाही. माझं काम चालू होतं, कारण नर्सेसच्या, केअररच्या गाड्या चालू राहायला हव्या होत्या. अडचण एकच होती. मोठ्या व्होल्टेजचं काम एकटीने करायचं नसतं. शेजारी एक माणूस पिवळा, लांब दांड्याचा हुक घेऊन उभा राहतो. काम करणारा चिकटला तर त्याला हात न लावता हुकने ओढायचं, एवढंच त्याचं काम. माझा नेहमीचा हुकवाला पॅरामाट्यापलीकडे अडकला होता. मग आमच्या घरचा हुकवाला तयार केला. विवेक, माझा नवरा, आयटीतला. कानात हेडफोन घालून, ऑफिसची मीटिंग ऐकत, हातात हुक धरून तो लोकांच्या ड्राइव्हवेत उभा राहायचा. मध्येच म्युट काढून "येस, फ्रॉम माय साइड ऑल गुड" म्हणायचा, तेव्हा मी तारांत हात घातलेला असायचा.

त्या दिवसांत रोहिणीचा फोन आला. रोहिणी मूळची नागपूरची, ब्लॅकटाउनजवळच्या एका वृद्धाश्रमात, म्हणजे एज्ड केअर होममध्ये, केअरर.

"ताई, माझी गाडी चार्जच नाही होऊन राहिली. परवाच घेतली हो, सेकंडहँड. दोन वाजताची शिफ्ट आहे माझी."

मी गेले, चार्जिंगचं झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आत हळद, कुंकू, चंदनाचं बोट, आणि चार्जरच्या पिना जातात त्या भोकांत तांदूळ. ओल्या कुंकवाने भिजून चांगले फुगलेले.

"अगं, हे काय?"

"पूजा केली ना. मेलबर्नकडच्या टार्निटचे गुरुजी होते झूमवर. ते म्हणाले, इंजिनाला गंध-अक्षता वाहा. मी बॉनेट उघडलं, तर आत इंजिन कुठाय? मग ते म्हणाले, जिथून शक्ती येते तिथे वाहा."

"आणि?"

"मग तिथूनच तर येते ना, ताई."

मुद्दा बरोबर होता. पाठीमागे हुक धरून विवेक हसला आणि त्याच्या मीटिंगमधल्या कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून. प्लॅस्टिकच्या चिमट्याने मी एकेक दाणा काढला. अकरा निघाले. मी ते फेकणार तर रोहिणीने माझा हात धरला. "देवाचे आहेत हो, ताई," म्हणाली, आणि ते दाणे दाराजवळच्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले. गाडी चार्जिंगला लागली, बाई शिफ्टला पोचली.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा तिचाच फोन. या वेळी गाडी दुसऱ्याची होती. "आमच्या होममध्ये केन म्हणून एक आजोबा आहेत. त्यांची बायको रोज खिडकीशी येते त्यांना बघायला. आत कुणालाच सोडत नाहीत ना. तर दोन दिवस झाले, ती आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, गाडी बंद पडली. जा ना, ताई."

मी गेले. रिव्हरस्टोनच्या बाजूला मोठ्या आवाराचं जुनं घर. डोरीनबाई ब्याऐंशीच्या, ताठ, लिपस्टिक लावलेल्या. मास्कखाली लिपस्टिक कशाला, असं मी नंतर एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला माहीत असतं ना ती आहे म्हणून." त्यांच्या छोट्या पेट्रोलगाडीची बॅटरी मेली होती. लॉकडाउनमध्ये गल्लोगल्ली तेच झालं होतं. गाड्या उभ्या आणि बॅटऱ्या आडव्या. पंधरा मिनिटांचं काम होतं. ते झाल्यावर बाईंनी चहाचा कप व्हरांड्याच्या एका टोकाला ठेवला, स्वतः दुसऱ्या टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "रोहिणी म्हणाली, तू इलेक्ट्रिक गाड्यांचं बघतेस. माझ्याकडे एक आहे. जरा जुनी आहे."

जरा म्हणजे शंभर वर्षांच्या वर.

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती उभी होती. उंच, काळी, चारी बाजूंनी काचा असलेली, घोडे सुटून गेलेल्या बग्गीसारखी. आत गुबगुबीत सोफा, कोपऱ्यात काचेची फुलदाणी. स्टिअरिंगचं चाक नाहीच. त्याऐवजी मांडीवर येणारा एक दांडा. पायाशी पितळी घंटा, टाच मारली की वाजणारी. मी आयुष्य गाड्यांत काढलं, पण ताडपत्री निघाली तेव्हा मी नकळत चपला बाहेर काढल्या होत्या, असं डोरीनबाई अजून सांगतात.

बऱ्याच जणांना वाटतं, इलेक्ट्रिक गाडी म्हणजे आत्ताआत्ताचं फॅड. तसं नाही. पेट्रोलगाड्या नवीन होत्या तेव्हाच या गाड्याही रस्त्यावर होत्या, आणि शहरात लोकांना त्या जास्त आवडायच्या. पेट्रोलगाडी सुरू करायला पुढे लोखंडी हँडल घालून गरगर फिरवावं लागे, आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. धूर, वास, ठणठणाट वेगळाच. विजेच्या गाडीत बसायचं, दांडा ढकलायचा, निघायचं. म्हणून बायका आणि डॉक्टर ती घ्यायचे. मग पेट्रोलगाडीला बटनावर सुरू करणारी छोटी मोटर बसवली गेली, आणि मनगट मोडायचं भय संपलं. ती मोटर विजेवर चालणारी. म्हणजे विजेच्या गाडीला विजेनेच मारलं. पेट्रोल स्वस्त झालं, लांबचे रस्ते झाले, आणि या गाड्या शेडमध्ये गेल्या.

ही गाडी केनच्या वडिलांच्या आत्याची. त्या डॉक्टर होत्या. पहिल्या महायुद्धानंतर फ्लूची साथ आली, तेव्हा याच गाडीतून त्या घरोघरी रोगी बघत फिरल्या. डोरीनबाईंनी फोटो दाखवला. दांडा धरून बसलेल्या डॉक्टरीणबाई, तोंडावर मलमलीचा मास्क. मी माझ्या मास्कमधून त्यांच्या मास्ककडे बघत राहिले. पुढे कित्येक वर्षांनी केनना ती गाडी एका नातेवाइकाच्या शेतावर सापडली, तेव्हा आत कोंबड्या राहत होत्या. केन रेल्वेच्या वर्कशॉपमधले इलेक्ट्रिशियन. त्यांनी गाडी घरी आणली, कोंबड्या परत दिल्या आणि उरलेला जन्म त्या गाडीत घातला.

"हिच्यातून पहिल्यांदा मला फिरायला घेऊन गेला ना," डोरीनबाई म्हणाल्या, "तर अर्ध्या वाटेत थांबून मला बॅटरीचं पाणी बघायला लावलं. मी नवा फ्रॉक घातला होता."

मग त्या चहाच्या कपाकडे बघत म्हणाल्या, "केनचं डोकं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आधी मी रोज जायचे, हात धरून बसायचे, तेव्हा त्याला कळायचं. आता काच, मास्क आणि फोन. रोहिणीला तो सांगतो, खिडकीत एक बाई येते, बरी आहे बिचारी. अठ्ठावन्न वर्षं बायको आहे मी त्याची. आता मी खिडकीतली बाई झाले." मग म्हणाल्या, "माझा चेहरा तो विसरला असेल. ही गाडी विसरणार नाही. हिच्यातून मला उतरताना बघितलं तर कदाचित… तीन वर्षं चालली नाही ही. चालेल का?"

होम तिथून तीन किलोमीटरवर. गाडीला केनच्या हिस्टॉरिक, म्हणजे जुन्या गाड्यांच्या, क्लबची नंबरप्लेट होती आणि त्या प्लेटची मुदत संपलेली नव्हती. हवी होती फक्त बॅटरी. मी म्हटलं, "चालेल की. बॅटरीतलं मला कळतं."

आता बॅटरीबद्दल दोन शब्द, कंटाळा न करता वाचा. आपल्या साध्या गाडीची बॅटरी शिशाची, आत सल्फ्युरिक ॲसिड. त्या जुन्या गाडीत होते निकेल आणि लोखंडाचे सेल, पत्र्याच्या उभ्या डब्यांत. त्यांच्यात ॲसिड नसतं, त्याच्या अगदी उलट, पोटॅशचं पाणी असतं. हे सेल फार चिवट. वर्षानुवर्षं पडून राहिले तरी जुनं पाणी काढा, धुवा, नवं भरा, हळूहळू चार्ज करा, की उठून बसतात. केननी असे साठ सेल कुठून कुठून गोळा करून जगवले होते. शत्रू एकच, ॲसिड. थेंबभरही चालत नाही. म्हणून त्यांचं नरसाळं, माप, कॅन सगळं वेगळं ठेवायचं असतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं.

केनचं नरसाळं शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं. पांढरं, एनॅमलचं, दांड्याला पत्र्याचा बिल्ला. मी ते काढायला हात वर केला, आणि आतून एक काळी कोळीण माझ्याकडे बघत होती. पाठीवर लाल पट्टा. रेडबॅक, इथला विषारी कोळी. चावली तर हॉस्पिटल. ऑस्ट्रेलियात इतकी वर्षं काढूनही या प्राण्याशी माझी ओळख वाढलेली नाही. मी हात खाली घेतला. माझ्या व्हॅनमध्ये माझं नरसाळं होतं, स्वच्छ, चकचकीत, दोनदा विसळलेलं. कॅनही होता. त्या धुळीतल्या नरसाळ्यापेक्षा माझं बरं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि साठच्या साठ सेल माझ्या नरसाळ्याने भरले.

पहिला दिवस झकास गेला. चार्ज चढत होता, सेल बुडबुडत होते, मी शेडमध्ये गुणगुणत होते. डोरीनबाईंनी गाडीच्या काचा पुसल्या, फुलदाणीत डेझी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मीटर लावला, तर व्होल्टेज झोपलेलं. सेल चार्ज धरत नव्हते. दोघातिघांच्या बुडाशी ओल आलेली. मी व्हॅनपाशी गेले, कॅन उलटा करून बघितला. बुडाशी मार्करची पुसट अक्षरं होती, माझ्याच हातची, मराठीत. ॲसिड.

दोनदा विसळून काय होतंय. प्लॅस्टिकच्या खाचांत, नरसाळ्याच्या जाळीत उरलं ते उरलंच होतं. एका माणसाने पन्नास वर्षं जगवलेली बॅटरी मी एका दुपारी मारली. कोळ्याला घाबरले, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे, मला बॅटरीतलं सगळं कळतं या तोऱ्यात होते. मला रडू आलं. हातमोज्यांनी डोळे पुसायला गेले, आणि त्यांवर पोटॅश असेल म्हणून हात तसेच हवेत धरून उभी राहिले.

डोरीनबाईंना जाऊन सरळ सांगितलं. "चूक माझी आहे. सेल गेले. ते आता येणार नाहीत."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दुसरं काही आहे का तुझ्याकडे? मला वेळ नाहीये गं. त्याच्याकडेही नाही."

दुसरं होतं. आमच्या ओळखीच्या स्क्रॅपयार्डमध्ये एक इलेक्ट्रिक हॅचबॅक पडली होती, मागून कुणीतरी ठोकलेली, बॅटरी शाबूत. तेवढ्यात लशीचे दोन डोस झालेल्यांसाठी नियमही सैल झाले. मी तिची मोठी बॅटरी खोलली. शेजारी विवेक हुक घेऊन, पायाशी लॅपटॉप. आतून एकेक मॉड्यूल निघालं, पुस्तकाएवढा चपटा डबा, असे ओळीने लावलेले. मला गंमत वाटली. शंभर वर्षांपूर्वीही तेच केलं होतं. छोटे छोटे डबे, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. बदललं ते आतलं रसायन. जुन्या मोटरला लागेल तेवढ्या व्होल्टेजची वीस मॉड्यूल्स निवडली, त्यांना फ्यूज लावले, नजर ठेवणारं सर्किट लावलं आणि गाडीच्या पुढच्या पेटीत बसवली. पणतीचं काळीज पणजीला.

दांडा ढकलला. गाडी चूपचाप शेडबाहेर आली. डोरीनबाईंनी टाळ्या वाजवल्या. विवेक मात्र लांबून मान वाकडी करून बघत होता.

"शुभा, ही उंच झालीय का गं?"

झाली होती. जुन्या सेलचं वजन चार-पाच धिप्पाड माणसांएवढं होतं, निम्मं पुढे, निम्मं मागे. त्याने चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी कायम दबलेल्या असायच्या. नवी बॅटरी त्याच्या पाचव्या हिश्श्याचीही नव्हती. कमानींनी अंग मोकळं केलं होतं आणि गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसत होती.

"केनच्या लक्षात येईल," मी म्हटलं.

"तो बायकोला ओळखत नाही, कमानी कुठून ओळखणार?"

"तू इलेक्ट्रिशियन नाहीस, विवेक."

खरं सांगायचं तर मला केनना गाडी जशी होती तशी दाखवायची होती. आपण मारलेल्या बॅटरीवर पांघरूण घालायचं होतं, असंही म्हणा. वजन कुठून आणायचं? विवेकने घरी जाऊन गॅरेज उघडलं. लॉकडाउनच्या पहिल्या आठवड्यात लोक टॉयलेट पेपर भरत होते, तेव्हा आमच्या या पुणेकराने तांदूळ भरला होता. वीस किलोच्या सहा पिशव्या शिल्लक होत्या. त्यावरून आमच्यात दोनदा भांडण झालेलं. आता तो एकेक पिशवी उचलत माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की मी दुसरीकडे बघितलं. पुढची पेटी मॉड्यूल्सनी भरलेली, म्हणून सगळा तांदूळ मागच्या पेटीत घातला. मागची बाजू खाली बसली. लांबून बरं दिसत होतं.

रविवारी दुपारी निघालो. डोरीनबाई दांड्यावर, मी शेजारी मास्क लावून, काचा उघड्या. मागे विवेक आमच्या गाडीतून, हॅझर्ड लाइट लावून. तीस किलोमीटरचा वेग, आणि आवाज म्हणाल तर फक्त टायरखालच्या खडीचा. एका घराबाहेर लॉन कापणारा माणूस मशीन बंद करून बघत राहिला. डोरीनबाईंनी त्याच्यासाठी टाच मारून घंटा वाजवली.

होमच्या मागच्या बाजूला लॉन, लॉनला लागून खिडक्या. रोहिणीने सगळी व्यवस्था लावून ठेवली होती. केनना व्हीलचेअरमधून काचेपाशी आणलं होतं, मांडीवर शाल, शालीवर तिचा फोन, स्पीकर चालू. केन दिसायला किरकोळ, पण हात अजून मोठेच, वर्कशॉपचे. गाडी समोर थांबली. डोरीनबाई उतरल्या, काचेपाशी गेल्या, मास्क खाली घेतला. लिपस्टिक मी नीट बघितली, मोतिया गुलाबी. फोन तोंडाशी धरून म्हणाल्या, "केन, बघ कोण आलंय."

केननी त्यांच्याकडे बघितलं. सभ्यपणे मान लववली. "गुड आफ्टरनून," म्हणाले.

डोरीनबाईंनीही म्हटलं, "गुड आफ्टरनून." त्यांचा आवाज अगदी व्यवस्थित होता, आणि तोच मला ऐकवेना.

पण केन त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. त्यांनी रोहिणीला बोटाने खूण केली, अजून जवळ. तिने चेअर ढकलली. त्यांचं नाक काचेला टेकलं. मिनिटभर तसेच राहिले.

"नाक वर आहे तिचं," ते म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या विवेकने माझ्याकडे बघितलं.

"मागे वजन घातलंय कुणीतरी. काय घातलंय मागे?"

मी डोरीनबाईंकडे बघितलं. त्यांनी फोन माझ्या दिशेला धरला. "तांदूळ," मी म्हटलं.

"तांदूळ." केननी मान वळवून रोहिणीकडे बघितलं, जणू हा तिचाच उद्योग.

"बासमती आहे, केन," रोहिणी फेसशील्डमधून म्हणाली. तांदळाशी तिचं जुनं नातं होतंच.

"आणि माझी बॅटरी कुठाय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी काचेपाशी गेले. व्हायवाला उभं राहावं तशी उभी राहिले. "मी मारली. नवं पाणी भरताना ॲसिड गेलं आत. आता नव्या गाडीचे सेल घातलेत, ते हलके आहेत, म्हणून तांदूळ."

केननी डोळे बारीक केले. "शिशाच्या बॅटऱ्यांवर शिकलीस तू."

"हो."

"आपलं नरसाळं घेऊन आलीस."

"हो."

"शिशावाले सगळे तेच करतात." ते समाधानाने मागे टेकले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आपल्या हिशेबाप्रमाणे घडल्यासारखं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "माझं खिळ्याला होतं की."

"त्यात रेडबॅक होती."

"असणारच. मीच राहू दिलीय तिला. एक गेली की दुसरी येते. म्हणून तर ते नरसाळं कुणी उसनं नेत नाही." मग त्यांनी एकदम मान वळवली, डोरीनबाईंकडे, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "डोरीन, तुला माहीत होतं ना ते? मग हिला सांगितलं का नाहीस?"

रोहिणीने चेअरची मूठ घट्ट धरली.

डोरीनबाईंचा एक हात काचेवर होता. "विसरले रे, केन," त्या म्हणाल्या.

"तू नेहमीच विसरतेस," केन म्हणाले. आणि त्यांनीही आतून काचेवर, त्या हाताच्या समोर, आपला हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, चहा कधी आहे, आणि रोहिणीने चेअर वळवली. जाताना त्यांनी मागे वळून पुन्हा एकदा गाडीच्या नाकाकडे नापसंतीने बघितलं.

परतताना दांड्यावर डोरीनबाईच होत्या. एका हाताने दांडा, दुसऱ्याने डोळे. मला वाटलं, काहीतरी बोलावं, धीर द्यावा. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "त्या कोळिणीबद्दल त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांत एकदाही नाही."

"मग तुम्ही विसरले असं का म्हणालात?"

"तो माझ्यावर चिडला होता ना गं," त्या म्हणाल्या. "माझ्यावरच. नाव घेऊन."

रस्ता सगळा रिकामा होता, पुढे कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी त्यांनी टाच मारून घंटा वाजवली, आणि घर येईपर्यंत वाजवत राहिल्या.